सृष्टिप्रेम आणि सौजन्य

ज्यास सृष्टिसौंदर्याची आवड आहे तो मनुष्य मनानें चांगलाच असला पाहिजे, अशी एक समजूत सुशिक्षित समाजांत रूढ आहे. मुलांस डोंगरावर न्यावें, झाडांचीं नांवें शिकवावीं, नदीकांठीं बसवावें, म्हणजे त्यांचीं मनें आपोआप कोमल होतात, असें आम्ही सर्वच म्हणत असतों. परंतु ह्या म्हणण्याचा पडताळा पाहण्याचे श्रम क्वचितच कोणी घेतो. प्रस्तुत लेखांत तो पडताळा पाहण्याचा आमचा विचार आहे, आणि त्याकरितां आम्ही जर्मन देशाचें उदाहरण घेतलें आहे. कारण, सृष्टिप्रेमाला रिवाजाचें, संस्थांचें आणि अखेरीस कायद्याचें रूप त्या देशानें जितक्या नेटानें दिलें तितकें फार थोड्या देशांनीं दिलें असेल.

जर्मनीच्या ग्रामीण भागांत पायीं हिंडणाऱ्या प्रवाशास वाटेंत एखादें जुनाट लिंडनचें झाड, एखादा एकाकी सुळका किंवा एखादी गुहा लागते, आणि तिच्या शेजारीं खांबावर एक लहानशी पाटी दिसते. पश्चिमेकडील भागांत हिरव्या कडेच्या त्रिकोणांत गरुडाचें चित्र असतें. पूर्वेकडे पुष्कळ ठिकाणीं पिवळ्या पाटीवर काळें घुबड असतें. ही वस्तु 'नाटूरडेंकमाल', म्हणजे सृष्टीचें स्मारक आहे; तिचा नाश करण्यास किंवा तिचें रूप पालटण्यास मनाई आहे, असा त्या पाट्यांचा भावार्थ. स्मारक म्हटलें म्हणजे कोणीतरी कोणाच्या तरी आठवणीसाठीं उभारलेली वस्तु आपल्या डोळ्यांपुढें येते. हीं स्मारकें कोणीं उभारलेलीं नाहींत. अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट ह्या जर्मन प्रवाशानें १८०० साली व्हेनेझुएलांत एक अवाढव्य वृक्ष पाहिला आणि आपल्या प्रवासवर्णनांत त्याच्या संबंधानें सृष्टीच्या स्मारकांचा उल्लेख केला. तेव्हांपासून ही कल्पना हळूहळू रूढ झाली.

अशा वस्तूंभोंवतीं गांवकऱ्यांचा जिव्हाळाही मोठा असतो. उत्तर बव्हेरियांतील लिमर्सडोर्फ ह्या खेड्यांत एका लिंडनच्या फांद्यांमध्यें खांबांवर लांकडी माळा बांधलेला आहे; जत्रेच्या दिवसांत गांवचे तरुण-तरुणी त्या माळ्यावर, पानांच्या छायेंत, नाच करितात. ऑइटिन शहराजवळच्या रानांत एक ओक आहे, त्याला टपालखात्यानें १९२७ पासून स्वतंत्र पत्ता दिला आहे. विवाहेच्छु लोक त्या पत्त्यावर पत्रें धाडतात, टपालवाला शिडीवर चढून तीं झाडाच्या ढोलींत टाकतो, आणि ज्याला हवें त्यानें तीं वाचून उत्तर द्यावें अशी चाल आहे.

परंतु केवळ जिव्हाळ्यानें वस्तु टिकत नाहीं. ऱ्हाईन नदीच्या उजव्या तीरावरील द्राखेनफेल्स ह्या डोंगराचा दगड शतकानुशतकें खणला जात होता. १२४८ साली आरंभिलेल्या कोलोनच्या प्रचंड ख्रिस्तमंदिरास त्यानेंच दगड पुरविला. खाण अशीच चालती तर माथ्यावरील किल्ल्याचे अवशेष आणि खुद्द माथाही नाहींसा झाला असता. म्हणून १८३६ साली प्रशियाच्या सरकारनें ती जागा विकत घेऊन खाणकाम कायमचें थांबविलें. हार्ट्स पर्वताच्या पायथ्याशीं 'सैतानाची भिंत' नांवाची वालुकाश्माची एक रांग आहे. तेथूनही लोक घरांसाठीं दगड नेत, त्यांस १८५२ साली सरकारी हुकुमानें आळा बसला. पुढें १९०४ साली हूगो कोनव्हेंट्स ह्या वनस्पतिशास्त्रज्ञानें अशा स्मारकांवर ओढवलेल्या संकटाविषयीं एक निवेदन लिहिलें, आणि १९०६ मध्यें प्रशियानें त्यांच्या रक्षणाकरितां एक स्वतंत्र सरकारी कचेरी काढून ती त्याच्याच स्वाधीन केली.

वस्तूंच्या रक्षणाबरोबर त्या पाहावयास जाणाऱ्यांचीही सोय झाली. १८६४ साली 'श्वार्त्सवाल्ड', म्हणजे कृष्णारण्य, ह्या डोंगराळ मुलखांत पायीं हिंडणाऱ्यांचा संघ स्थापन झाला. १९०० साली त्यानें फोर्त्सहाइमपासून बाझेलपर्यंत सुमारें २८५ किलोमीटरांची वाट आंखली; झाडाझाडावरची तांबडी चौकट पाहात परका मनुष्यही ती न चुकतां चालूं शकतो. रिचर्ड शिर्मान नांवाचा एक शाळामास्तर १९०९ साली मुलांना घेऊन पायीं निघाला असतां वादळी पावसांत सांपडला; अशा मुलांस रात्रीं निवारा मिळावा ह्या तळमळींतून युवकनिवासांची कल्पना निघाली, आणि ती आज जगभर पसरली आहे.

येथवरची हकीकत वाचून आरंभीं सांगितलेल्या समजुतीस बळकटीच येते. परंतु पुढचें पान उलटतांना हात थबकतो. २६ जून १९३५ रोजीं जर्मनींत सृष्टिरक्षणाचा पहिला देशव्यापी कायदा झाला. कायदा म्हणून तो इतका नेटका होता कीं, नाझी सत्ता लयास गेल्यावरही पश्चिम जर्मनींत १९७६ पर्यंत सृष्टिरक्षणाचा पाया तोच होता. आणि ज्या राजवटीनें तो केला तिनेंच, पुरते तीन महिने लोटण्यापूर्वीं, १५ सप्टेंबर रोजीं न्युरेंबर्ग येथें ज्यू लोकांचें नागरिकत्व हिरावून घेणारे कायदे केले.

ह्याहून दारुण उदाहरण वायमारजवळच्या एटर्सबर्ग टेकडीचें आहे. शाकुंतलाची ज्यानें मुक्तकंठानें स्तुति केली तो कविवर्य गटे ह्याच टेकडीवर हिंडावयास जात असे. १९३७ साली तेथील रान तोडून नाझींनीं बंदिछावणी उभारली, आणि तिला नांव दिलें बूखेनवाल्ड, म्हणजे बीचवृक्षांचें वन! रान तोडतांना एक जुना ओक मात्र राखून ठेवण्यांत आला. कैदी त्याला गटेचा ओक म्हणत. १९४४ च्या ऑगस्टांत बाँबहल्ल्याच्या आगींत तो होरपळला व मग तोडला गेला. त्याचा बुंधा अद्यापि तेथें आहे. त्या छावणींत सुमारें ५६,००० माणसें मृत्यु पावलीं. एका झाडापुढें ज्यांनीं कुऱ्हाड आवरली, त्यांचेच हात माणसांपुढें आवरले गेले नाहींत.

तर मग सृष्टिप्रेम हा निव्वळ ढोंगाचा प्रकार समजावा काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. शाळेच्या मुलांना पावसांतून आडोशास नेणारा शिक्षक ढोंगी नव्हता. परंतु प्रेम ह्या एकाच नांवाखालीं येथें दोन निराळ्या वृत्ति वावरत असतात, असें आमचें मत आहे. एका वृत्तीला डोंगर आवडतो तो आपला म्हणून. आणि जें आपलें, तें दुसऱ्याचें असूं नये असें तिला लागलींच वाटूं लागतें. १९२४ साली जर्मन व ऑस्ट्रियन आल्प्स-संघानें, बहुतेक सभासद ज्यू असलेली आपली एक शाखा संघांतून काढून टाकली. तेव्हां जर्मनींत नाझींची सत्ता आली नव्हती, आणि हे कोणी गुंड नव्हते. सूर्योदय पाहण्यासाठीं पहाटे उठून शिखरें चढणारे सुशिक्षित गृहस्थ होते. त्यांचें पर्वतप्रेम खोटें होतें असें आम्हांस म्हणवत नाहीं. खोटें नव्हतें म्हणूनच तें अधिक भयंकर वाटतें.

दुसरी वृत्ति ही वस्तु कोणाचीच नव्हे, किंवा सर्वांची आहे, असें मानणारी. तिचें उत्तम उदाहरणही त्याच देशांत सांपडतें. युद्धानंतर, १९४६ च्या डिसेंबरांत अमलांत आलेल्या बव्हेरियाच्या राज्यघटनेंत असें कलम आहे कीं, सृष्टिसौंदर्याचा उपभोग, रानांत व डोंगरावरच्या कुरणांत हिंडणें, आणि स्थानिक रूढीप्रमाणें रानमेवा गोळा करणें, ह्यांची प्रत्येकास मोकळीक आहे. घटनेसारख्या गंभीर ग्रंथांत रानमेव्याची गोष्ट पाहून प्रथम हसूं येतें. पण 'प्रत्येकास' ह्या शब्दावर नजर ठरली म्हणजे हसूं मावळतें. बारा वर्षें तोच शब्द त्या देशांत निषिद्ध होता. पुढें १९७५ च्या वनकायद्यानें रानांत विसाव्यासाठीं जाण्याची ही मुभा पश्चिम जर्मनींत सर्वत्र दिली; रान खासगी मालकीचें असलें तरी ती लागू आहे.

हा प्रश्न जर्मनीपुरताच नाहीं. त्याचा एक धागा आपल्या रानांपर्यंत येऊन पोंचतो. द्राखेनफेल्सपासून जवळच असलेल्या बॉन शहरीं जन्मलेले डीट्रिख ब्रँडिस हे १८६४ साली हिंदुस्थानच्या जंगलखात्याचे पहिले मुख्याधिकारी झाले. इकडील देवरायांविषयीं त्यांनीं आस्थेनें लिहून ठेवलें आहे, आणि रानांवरील गांवकऱ्यांच्या हक्कांना कायद्यांत जागा असावी असें त्यांचें म्हणणें होतें. १८७८ च्या जंगल-कायद्यानें तें पुरतें मानलें नाहीं. रानें राखलीं गेलीं, पण मोळी विकणारा त्यांत चोर ठरला. रक्षण करणाऱ्यानें कोणाला बाहेर घालविलें, हें पाहिल्यावांचून रक्षणाची किंमत ठरवितां येत नाहीं, हा धडा आपल्याही इतिहासांत आहे.

तेव्हां मुलांना डोंगरावर अवश्य न्यावें. परंतु तेवढ्यानें त्यांची नीति सुधारेल ह्या भरंवशावर राहूं नये. झाडाच्या पायथ्याशीं उभें राहून त्यांना हेंही सांगावें कीं, हें झाड आपण लावलेलें नाहीं, आपल्यासाठीं उभें नाहीं, आणि पलीकडच्या वाटेनें जो मनुष्य येत आहे त्याचाही ह्या सांवलीवर आपल्याइतकाच अधिकार आहे. मग तो जवळ आल्यावर तीं मुलें सरकून त्यास बसावयास जागा देतात किंवा नाहीं, तेवढें आपण पाहावें.