वेतनभोगी खेळाडूचे निष्काम कर्म

जो मनुष्य आपल्या कौशल्याचा मोबदला आगाऊ ठरवून, करारनाम्यावर सही करून, एका हंगामापुरता परक्या गावाच्या संघातून खेळतो, त्याच्या खेळाला निष्काम कर्म म्हणता येईल काय, हा प्रश्न पुष्कळांना मुळातच विसंगत वाटेल. कारण फळाची आसक्ती सोडावयास सांगणारे गीतेचे तत्त्वज्ञान आणि कामगिरीवर पैसे मोजणारा व्यवसाय यांचा परस्परांशी काही संबंध नाही, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. मायदेशातील बड्या लीगमध्ये जागा न मिळालेला अमेरिकन बास्केटबॉलपटू आज तुर्कस्तानात, ग्रीसमध्ये किंवा चीनमध्ये वर्षावर्षाच्या करारावर खेळतो, घरी त्याला कोणी विचारीत नाही आणि परदेशी त्याच्याकडून विजयाखेरीज कोणी काही मागत नाही. अशा जिण्यात धर्मविचाराला जागा ती कोठे असावयाची? मला मात्र वाटते की या प्रश्नाचे उत्तर आपल्याच मराठी मुलखातल्या एका मितभाषी माणसाने, त्यावर एक शब्दही न बोलता, मैदानावर देऊन ठेवले आहे. तो माणूस म्हणजे 1915 साली सांगलीत एका मराठी ख्रिस्ती शिक्षकाच्या घरी जन्मलेले क्रिकेटपटू विजय हजारे.

मुंबईच्या गोराईत राहणाऱ्या माणसाला हजाऱ्यांचे स्मरण व्हावे यात नवल नाही. बोरिवलीकडून खाडी ओलांडून तरीतून उतरले की एका अंगाला जुनी ख्रिस्ती वस्ती लागते. पाखाडीपाखाडीच्या तोंडाशी क्रूस, ओटीवर लुगडे नेसून बसलेल्या म्हाताऱ्या, तीन राजांच्या नावाचे चर्च आणि जानेवारीत त्याचा सण, आणि घराघरांत आमच्या कानाला थोडी निराळी पण निःसंशय मराठीच असलेली बोली. दुसऱ्या अंगाला विपश्यनेचा तो सोनेरी पॅगोडा, ज्याच्या घुमटाखाली एकही खांब नसताना आठ हजार साधक एका वेळी बसू शकतात. तेथील दगड एकमेकांत असे अडकवले आहेत की प्रत्येकाचा भार शेजाऱ्याने पेलावा; आणि खाली बसलेल्या साधकाला सांगितले जाते ते इतकेच, की देहावर उठणारी संवेदना सुखद असो वा दुःखद, तिच्यामागे धावू नये, तिच्यापासून पळू नये, ती उठते आणि मावळते एवढे स्वच्छ पाहावे. ख्रिस्ती श्रद्धेत वाढलेला एक मराठी फलंदाज आणि ही समचित्तता यांची माझ्या मनात जी सांगड बसली, ती या दोन अंगांमधून जाणाऱ्या रस्त्यावरच.

मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत हजाऱ्यांच्या काळी संघ धर्मावरून पाडलेले असत. युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान या चौघांच्या जोडीला 1937 पासून पाचवा संघ आला. या चौकटींत न बसणारे जे ख्रिस्ती, ज्यू आणि इतर उरत, त्यांची त्या संघात तजवीज केलेली होती. त्याचे नावही ‘रेस्ट’ असेच होते. सांगलीच्या मातीत जन्मलेल्या, मराठी बोलणाऱ्या हजाऱ्यांना आपल्याच मुलखातल्या लोकांसमोर या संघातून खेळावे लागे. 1943च्या डिसेंबरात ब्रेबोर्न स्टेडियमवर हिंदूंविरुद्ध अंतिम सामना झाला. त्याच स्पर्धेत हजाऱ्यांनी मुसलमानांविरुद्ध 248 धावांचा विक्रम केला होता. विजय मर्चंट यांनी नाबाद 250 करून तो मोडला आणि हिंदूंनी 5 बाद 581 वर डाव सोडला. ‘रेस्ट’चा पहिला डाव 133त आटोपला, त्यांतल्या 59 हजाऱ्यांच्या. फॉलोऑननंतरच्या दुसऱ्या डावात 387 धावा झाल्या आणि त्यांपैकी 309 एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. सहाव्या गड्यासाठी त्यांनी धाकटे बंधू विवेक यांच्या साथीने 300 धावांची भागी केली, तीत विवेकरावांचा वाटा 21 धावांचा.

आणि सामना हरला. एक डाव आणि 61 धावांनी हरला.

या आकड्यांपाशी क्षणभर थांबावे असे मला वाटते. पराभव जवळजवळ अटळ आहे, ज्या संघासाठी खेळायचे तो संघ म्हणजे इतरांच्या वाटपानंतरची बाकी आहे, आणि तरीही तासन्‌तास प्रत्येक चेंडू त्याच्या गुणदोषांप्रमाणे, पुढच्या चेंडूची वा मागच्या चुकीची सावली न पडू देता खेळणे, याला चित्ताची जी अखंडता लागते तिचेच वर्णन आपले सगळे धर्मग्रंथ आपापल्या भाषेत करीत आले आहेत. 1948च्या जानेवारीत अॅडलेडला ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध, लिंडवॉल आणि मिलर यांच्या माऱ्यापुढे, हजाऱ्यांनी दोन्ही डावांत शतके केली, 116 आणि 145. तोही सामना भारताने डावाने गमावला. 1952 साली लीड्सला दुसऱ्या डावात भारताच्या खात्यावर एकही धाव नसताना चार गडी बाद झाले होते. तेव्हा कर्णधार हजारे मैदानात उतरले, दत्तू फडकरांच्या साथीने शंभरावर भर घातली आणि स्वतः 56 केल्या. आपल्या देशाला कसोटीतला पहिला विजय 1952च्या फेब्रुवारीत मद्रासला त्यांच्याच नेतृत्वाखाली मिळाला, ही गोष्ट लोक आठवतात आणि आठवावीच. परंतु मला ते हरलेले सामनेच अधिक बोलके वाटतात, कारण फळ हातून गेल्यावरही कर्म तसूभर कमी झाले नाही, हे तेथे उघड्या डोळ्यांना दिसते.

आता वेतनाचा प्रश्न. हजारे लँकेशायरमधील रॉटनस्टॉल या गिरणगावच्या क्लबात व्यावसायिक म्हणून खेळले. तिकडची वहिवाट अशी की प्रत्येक क्लबाला एकच व्यावसायिक ठेवता येई. बाकीचे दहाजण आठवडाभर गिरणीत, दुकानात, कचेरीत राबून शनिवारी दुपारी पांढरे कपडे चढविणारे गावकरी. फलंदाजाने पन्नाशी गाठली की प्रेक्षकांतून पेटी फिरे आणि लोक आपल्या खिशातली नाणी तीत टाकीत. इतके प्रत्यक्ष, इतके खुळखुळणारे कर्मफळ दुसऱ्या कोणत्या व्यवसायात सापडेल? पण त्या पेटीने कर्म मलिन होते असे मला वाटत नाही. कुंभार मडक्याचे पैसे घेतो म्हणून त्याच्या चाकावरची एकाग्रता खोटी ठरत नाही. आसक्ती मोबदल्यात नसते; चेंडू हातातून सुटल्यापासून बॅटीवर येईपर्यंतच्या निमिषार्धात मन जर पेटीकडे गेले, तर ती असते, आणि त्या निमिषात मन तेथे गेले की त्रिफळा उडतो. खेळाचा व्यवसाय या बाबतीत पुष्कळ पुजाऱ्यांपेक्षा आणि प्रवचनकारांपेक्षा प्रामाणिक आहे असे मी मानतो. येथे विचलित मनाची शिक्षा लागलीच होते.

तथापि या विचारात एक मोठा धोका आहे, आणि तो नजरेआड करणे अधर्म होईल. फळाची आशा धरू नये, हे वाक्य फळ ताब्यात ठेवणाऱ्याच्या तोंडी आले की त्याचे शस्त्र होते. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले डावखुरे गोलंदाज. 1911च्या इंग्लंडच्या दौऱ्यात, जेथे संघ सामन्यामागून सामने हरत होता, तेथे त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. परदेशी मैदानांवर हा पराक्रम करणाऱ्या याच बाळूंना पुण्यात सवर्ण सहकाऱ्यांपासून वेगळे बसून, मातीच्या निराळ्या भांड्यात चहा घ्यावा लागे. हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही आणि त्यांचे बंधू विठ्ठल यांना ते लाभायला 1923 साल उजाडावे लागले. बाळूंना कोणी गीता ऐकवून कर्णधारपदाची इच्छा सोडावयास सांगितले असते, तर ते सांगणे पाप ठरले असते. वेस्ट इंडीजचा क्रिकेटपटू लियरी कॉन्स्टंटाइन याला लँकेशायरमधल्याच नेल्सन गावाने डोक्यावर घेतले, पण 1943 साली लंडनच्या एका हॉटेलाने त्याला रंगावरून राहू दिले नाही, तेव्हा तो समचित्त राहून स्वस्थ बसला नाही. कोर्टात गेला आणि जिंकला. तो गेला हे योग्यच झाले. निष्कामता हे व्रत मनुष्याने आपल्यापुरते, आपल्या इच्छेने घ्यावयाचे असते. ते दुसऱ्यावर लादण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि ज्याने दुसऱ्याचे फळ अडवून धरले आहे त्याला तर मुळीच नाही.

म्हणूनच 1940च्या डिसेंबरात गांधींनी धर्मावरून पाडलेल्या या संघांविषयी उघड नापसंती दर्शविली, ती मला खेळाइतकीच धर्माच्याही हिताची वाटते. गर्दी मात्र त्यानंतरही लोटत राहिली आणि स्पर्धा बंद पडायला 1946 साल यावे लागले. माणसांना बाजू हवी असते, हे मी नाकारीत नाही. ओहोटी लागली की गोराईच्या घट्ट वाळूवर पोरे टेनिसच्या चेंडूने खेळतात आणि पाखाडी विरुद्ध पाखाडी असा सामना लावतात. भांडणही त्वेषाने होते. पण पाखाडीत जो राहतो तो पाखाडीचा, मग तो डाबऱ्यांचा असो की म्हात्र्यांचा. आणि घर बदलले की पोरगा पलीकडून खेळू लागतो. जन्मापासून मरणापर्यंत कपाळावर चिकटलेली बाजू ही निराळी चीज आहे. येथल्या ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज पोर्तुगीज अमलात, म्हणजे इंग्रज मुंबईत येण्यापूर्वीच, क्रूसापुढे गुडघे टेकत होते आणि भातही लावीत होते. त्यांना आपल्या मुलखात ‘इतर’ म्हणून मोजणारी वही कितीही व्यवस्थित लिहिली असली तरी ती खोटीच.

हजाऱ्यांनी त्या वहीविरुद्ध तक्रार केली असती तरी मी त्यांना दोष दिला नसता. त्यांनी मिळेल त्या बाजूकडून तितक्याच निष्ठेने खेळणे पसंत केले, आणि हाच त्यांचा धर्म होता असे मी समजतो. 1947च्या मार्चमध्ये बडोद्याला रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध ते उतरले, तेव्हा पलीकडच्या टोकाला गुल महंमद होते. बडोद्याच्या मराठा संस्थानिकाच्या राज्याकडून, एक ख्रिस्ती आणि एक मुसलमान, दोघांनी चौथ्या गड्यासाठी 577 धावा जोडल्या. हजाऱ्यांच्या 288, गुल महंमदांच्या 319. कोणत्याही गड्यासाठीच्या भागीचा तो जागतिक विक्रम 2006 पर्यंत कोणालाही मोडता आला नाही. पाच महिन्यांत देशाची फाळणी झाली आणि 1956 साली गुल महंमद कराचीत पाकिस्तानकडून कसोटी खेळले. हजारे बडोद्यातच राहिले, आणि 2004 साली तेथेच वारले.