तळहातावरची कवडी

तळहातावर एक कवडी ठेवा.

कवडी नसेल, तर तळहात नुसता उघडा. ती तिथे आहे असं समजा.

पाठ गुळगुळीत, पिवळसर पांढरी. आता ती उलटी करा. पोटाशी बारीक फट. फटीच्या दोन्ही कडांना बारीक दात.

श्वास आत येऊ द्या. श्वास बाहेर जाऊ द्या.

अशा कवड्या मालदीवच्या समुद्रात वेचत. जहाजांच्या तळाशी भार म्हणून त्या युरोपात जात. तिथून पुन्हा जहाजात भरून पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर. उईदा नावाच्या गावात.

चाळीस कवड्या ओवल्या की एक सर होई. असे सर मोजून माणसं विकत घेतली जात.

आपण सहज म्हणतो, कवडीमोल.

तो शब्द आज जरा बाजूला ठेवू या. नुसती कवडी पाहू या.

मूठ हलकेच मिटा. चला.

आपण उईदात आहोत. आजच्या बेनिन देशात. पायाखाली तांबडी माती. इथल्या चौकातून समुद्रापर्यंत सुमारे चार किलोमीटरची वाट आहे. साखळीने बांधलेली माणसं हीच वाट चालली. अभ्यासकांच्या अंदाजाने सुमारे दहा लाख.

एक पाऊल. थांबा. आणखी एक पाऊल.

इथे विस्मरणाचं झाड होतं. आता झाड नाही, त्याच्या जागी एक शिल्प उभं आहे.

लोक सांगतात, पुरुषांना या झाडाभोवती नऊ फेऱ्या घालायला लावत. बायकांना सात. गाव विसरावं. घर विसरावं. आपलं नाव विसरावं.

आपल्याकडे झाडाला प्रदक्षिणा घालतात ती काही मागण्यासाठी. इथल्या फेऱ्या काढून घेण्यासाठी होत्या.

डोळे मिटा. एक फेरी मनातल्या मनात घाला. अगदी सावकाश.

पावलांचा आवाज ऐका.

पुढे दुसरं झाड आहे. परतीचं झाड. याच्याभोवती तीन फेऱ्या. देह परत येणार नव्हता. आत्म्याला तरी घरची वाट सापडावी.

या सावलीत जरा बसा. काही बोलू नका.

श्वास आत. श्वास बाहेर.

आता वाळू लागते. माड दिसतात. मग ती उंच कमान. न परतीचं दार. 1995 साली उभारलेली. कमानीवर माणसांच्या रांगा कोरल्या आहेत, समुद्राकडे चाललेल्या.

कमानीतून पलीकडे पाहा. पलीकडे नुसतं पाणी आहे.

लाट येते. लाट जाते.

1860 साली याच किनाऱ्यावरून क्लोटिल्डा नावाचं जहाज निघालं. त्यात एकोणीस वर्षांचा एक तरुण होता. कोसोला. अमेरिकेत त्याला लोक कुजो लुईस म्हणू लागले.

वर्षं गेली. खूप वर्षं.

1927 साली झोरा नील हर्स्टन ही लेखिका अलाबामात त्यांच्या घरी गेली. पायऱ्या चढता चढता तिने त्यांना मूळच्या नावाने हाक मारली.

ते न्याहारी करत होते. आपल्या मायदेशाच्या रीतीने, हाताने. हात ताटली आणि तोंड यांच्यामध्येच थांबला.

मग डोळ्यांत पाणी आलं. आनंदाचं.

त्या थांबलेल्या हाताकडे पाहा. इथेच राहा. पुढे जायची घाई नाही.

एवढ्या वर्षांनंतर नाव आत जागं होतं. कुणी हाक मारण्याचीच वाट पाहत होतं.

आता तुमची मूठ उघडा.

कवडी कोमट झाली आहे. तुमच्याच हाताची ऊब.

लहानपणी तुम्हाला कुणी हाक मारायचं, आठवतं का? त्या माणसाचा आवाज. दारातून, अंगणातून, दिवेलागणीला. तो येऊ द्या. ऐका.

या वाटेवरच्या प्रत्येकाला अशी हाक मारणारं कुणी होतं.

लाट येते. लाट जाते.

कवडी वाळूवर ठेवा. हात रिकामा होऊ द्या.

आणि एकदाच, हळू आवाजात, म्हणा.

कोसोला.