अनर्थदंड आणि सास्तूरची जमीन

बांधकामामुळे जमिनीत उठणाऱ्या कंपाचा विचार कायदा भिंतीपासून सुरू करतो. खाण सुरक्षा महासंचालनालयाने 1997 साली सुरुंगस्फोटांसाठी ठरवलेल्या मर्यादा कणवेगात, म्हणजे कंप पोहोचताच जमिनीचा कण ज्या वेगाने हलतो त्या वेगात, मोजल्या जातात. साध्या घरांच्या बाबतीत, कंप सेकंदाला 8 आवर्तनांहून मंद असेल तर, ही मर्यादा सेकंदाला 5 मिलिमीटर आहे. माणसाच्या शरीराला मात्र याच्या दहाव्या हिश्शाहूनही क्षीण कंप जाणवतो. भिंत शाबूत, पण माणूस दचकून उठलेला, अशा कंपांचा एक रुंद पट्टा त्यामुळे हिशेबाबाहेर राहतो. चिखलातून आणि खडकांवरून हौसेखातर गाड्या हाकण्यासाठी उभारायच्या ऑफ-रोड मैदानाचे काम, म्हणजे कातळ फोडणारे ब्रेकर आणि भराव दाबणारे रोलर, आसपासच्या वस्तीपुरते बहुधा याच पट्ट्यात मोडेल. त्यात हिंसा घडते की नाही, हा प्रश्न अभियंत्याचा नाही.

तो धाराशिव (पूर्वीच्या उस्मानाबाद) जिल्ह्यातील सास्तूर गावाच्या जमिनीवर ठेवून पाहिला म्हणजे त्याचे वजन कळते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली असताना, आलेल्या भूकंपात किल्लारीसोबत सास्तूरही उद्ध्वस्त झाले. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची माळवदे, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा जड थर घातलेली छपरे, झोपलेल्यांच्या अंगावर कोसळली आणि लातूर आणि धाराशिव या दोन जिल्ह्यांत मिळून हजारो माणसे दगावली. किल्लारीच्या परिसराला आदल्याच वर्षी, 1992 च्या ऑक्टोबरात, लहान धक्के बसले होते. त्यामुळे लहान कंप म्हणजे मोठ्या कंपाचा निरुपद्रवी अंश, हे भौतिकशास्त्राचे समीकरण येथल्या अनुभवाला लागू पडत नाही. येथे लहान कंप ही पूर्वसूचना असते, आणि तिचे मूळ यंत्रात आहे की पृथ्वीच्या पोटात, हे घरात बसलेल्याला कळण्याचा मार्ग नसतो.

अशा भयाला हिंसा म्हणायचे का? योगसूत्रांवरील व्यासभाष्याने अहिंसेची व्याख्या सर्व प्रकारे, सर्व काळी, सर्व भूतांविषयी द्रोह नसणे अशी केली आहे, आणि द्रोहाला रक्त सांडण्याची अट घातलेली नाही. गीतेच्या सोळाव्या अध्यायातील दैवी संपत्तीच्या गणनेतही अभयाचे नाव पहिले येते. यावर आक्षेप असा निघतो की रोलर चालवणाऱ्याच्या मनात कोणाला भिवविण्याचा हेतू नसतो. हा आक्षेप जैन विचारापुढे टिकत नाही. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राने हिंसेचे मूळ प्रमादात, म्हणजे बेसावध वृत्तीत, दाखवले. द्वेष नसला तरी बेपर्वाई पुरते. सास्तूरच्या ज्या जिल्ह्यात कुंथलगिरीसारखे जैन सिद्धक्षेत्र आहे आणि जेथे आचार्य शांतिसागरांनी 1955 साली सल्लेखना, म्हणजे अन्नत्यागाने मृत्यू स्वीकारण्याचे व्रत, घेतली, तेथे ही परंपरा बाहेरून आणलेली मानता येणार नाही.

याच परंपरेने आणखी एक उपयुक्त भेद केला आहे. विहीर खणणारा शेतकरीही सुरुंग लावतो. घराचा पाया खणतानाही जमीन हादरते. गृहस्थाच्या निर्वाहासाठी अटळ असलेल्या अशा हिंसेला आरंभी किंवा उद्योगी म्हटले जाते आणि गृहस्थाला तिची काही मोकळीक असते. उलट प्रयोजनावाचून केलेल्या पीडेला अनर्थदंड म्हणतात. समंतभद्राच्या रत्नकरंडक श्रावकाचारात त्याचा प्रमादचर्या हा प्रकार सांगताना निष्कारण जमीन खोदण्याचाच उल्लेख येतो. हौसेच्या मैदानासाठी कातळ फोडणे त्याच्या किती जवळ जाते, हे उघड आहे. मात्र मैदानामुळे कोणाला रोजगार मिळत असेल तर प्रयोजनच नाही असे म्हणता येत नाही, आणि येथे हा भेद आधी वाटला तितका स्वच्छ राहत नाही.

पतंजलीने हिंसेचे कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेली, करवून घेतलेली आणि संमती दिलेली, असे तीन प्रकार केले. यंत्रचालक, ठेकेदार आणि तिकीट काढून येणारा हौशी यांची वाटणी त्यांत सहज बसते. अवघड जागा ग्रामसभेची आहे. सुरुंगाची वेळ आधी कळवून आणि काम दिवसापुरते ठेवून भयाचा मोठा भाग, म्हणजे कंपाच्या मुळाविषयीचे अज्ञान, दूर करता येईल, आणि एवढ्या अटीची मागणी ग्रामसभेला ठरावातून करता येईल. परंतु बहुमताने कामाला मान्यता दिली, तर 1993 मध्ये ढिगाऱ्याखालून बाहेर काढलेल्या एखाद्या वृद्धेचे भय त्या मान्यतेत मोजले गेले असे मानण्याला या तिन्ही प्रकारांत आधार सापडत नाही. मान्यता देणारा मात्र अनुमोदक ठरतो.