आजवर काही झाले नाही म्हणून

विल्यम क्लिफर्ड लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गणित शिकवत. १८७७ मध्ये त्यांनी विश्वासाच्या नीतीवर एक निबंध लिहिला आणि त्याची सुरुवात एका जहाजमालकापासून केली. जहाज जुने आहे, अनेकदा डागडुजी झालेले आहे, आणि देशांतराला निघालेली कुटुंबे त्यात बसणार आहेत. ते नीट तपासून घ्यावे अशी शंका मालकाच्या मनात येते, पण खर्च मोठा आहे. मग तो स्वतःची समजूत घालतो: इतक्या सफरी झाल्या, इतकी वादळे पचवली, हीही सफर पार पडेल, शिवाय परमेश्वर या बायकापोरांना अंतर देणार नाही. हळूहळू शंका मावळते. मालक निश्चिंत मनाने जहाज सोडतो आणि ते भर समुद्रात बुडते. क्लिफर्ड त्याला दोषी ठरवतात. त्याचा विश्वास खोटा होता असे ते म्हणत नाहीत; समोर असलेल्या पुराव्यावर तसा विश्वास ठेवण्याचा त्याला अधिकार नव्हता, असे म्हणतात. आणि पुढे आणखी कठोर बोलतात: जहाज सुखरूप पोहोचले असते तरी त्याचा दोष तसूभरही कमी झाला नसता.

पाणबुड्यांचा माग काढणाऱ्या जुन्या विमानांना हा निकाल लावून पाहावा असे मला वाटते. ही विमाने बहुधा प्रवासी विमानांच्याच सांगाड्यावर उभी राहिली: ब्रिटनचे निमरॉड कॉमेटवरून, अमेरिकेचे ओरायन लॉकहीड इलेक्ट्रावरून, सोव्हिएत इल-३८ हे इल-१८वरून. त्यांना कसरती करायच्या नसतात. तासन्‌तास समुद्रावर राहायचे, पाण्यात सोनोबॉय टाकायचे, त्यांनी वर पाठवलेला आवाज हेडफोनवर ऐकायचा आणि मालवाहू जहाजांच्या घरघरीतून पाणबुडीची बारीक खूण वेगळी काढायची, हे त्यांचे काम. लढाऊ मोल उपकरणांत आणि ऐकणाऱ्याच्या कानात असते. सांगाडा ते वाहून नेतो. म्हणून जुना सांगाडा घेऊन आत नवे रडार आणि नवे संगणक बसवण्यात मुळात काही गैर नाही. भारतीय नौदलाने १९७७ मध्ये गोव्याला दाबोळीच्या हंसा तळावर इल-३८ आणली. पुढे या ताफ्यात रशियाकडून ‘सी ड्रॅगन’ ही नवी यंत्रणा बसवून घेतली, आणि ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या सेवेला ४६ वर्षे झाली होती. १ ऑक्टोबर २००२ रोजी पथकाच्या रौप्यमहोत्सवी संचलनात यांतली दोन विमाने हवेत एकमेकांवर आदळली आणि त्यांतले बारा जण गेले, ही जखम गोवा विसरलेला नाही. पण तो टकरीचा अपघात होता, म्हातारपणाचा नव्हे. वय हाच गुन्हा धरला तर आपण चुकीच्या आरोपीला पकडतो.

खरा आरोपी कोण, हे ब्रिटनमध्ये दिसले. २ सप्टेंबर २००६ रोजी एक्सव्ही२३० हे निमरॉड अफगाणिस्तानावर उडत होते. १९६९ मध्ये हवाई दलाला मिळालेले हे पहिले निमरॉड. पाणबुड्या शोधायला बांधलेले, पण त्या दिवशी समुद्रापासून दूर, जमिनीवरच्या सैन्यासाठी टेहळणी करणारे. आकाशातच इंधन भरून झाले आणि काही मिनिटांत पोटातल्या बॉम्बकप्प्यातून आगीचा इशारा आला. विमान कंदाहारकडे वळले, पण उतरण्याआधीच फुटले आणि आतली चौदाही माणसे गेली. कारण एका अरुंद पोकळीत होते. पंखाच्या मुळाशी, सात क्रमांकाच्या टाकीजवळ, इंजिनातली गरम हवा नेणारी नळी जात होती, शेकडो अंश तापणारी. तिच्या आवरणात फटी होत्या आणि जवळच इंधनवाहिन्यांचे सांधे होते. तिथे इंधन पोहोचले तर ते पेटणार, आणि उडत्या विमानात त्या जागी ना हात पोहोचत होता ना विझवण्याचे साधन. ही रचना एका दिवसात झाली नव्हती. मूळ नळी पहिल्यापासूनची; उपकरणे थंड ठेवण्यासाठी तिला जादा जोड दिला गेला सत्तरच्या दशकाअखेरीस; आकाशात इंधन घेण्याची सोय १९८२ च्या फॉकलंड युद्धात घाईने केली गेली आणि १९८९ मध्ये कायम झाली. प्रत्येक सुधारणा आपापल्या जागी उपयोगी होती. त्या तिन्ही मिळून काय तयार झाले, हे कोणी पाहिले नाही. ते पाहण्यासाठीच २००१ ते २००५ या काळात निमरॉडचा ‘सेफ्टी केस’, म्हणजे एकेक धोका हुडकून त्याचा बंदोबस्त दाखवणारा दस्तऐवज, तयार करवला गेला होता. चार्ल्स हॅडन-केव्ह यांच्या २००९ च्या चौकशी अहवालाने त्या कामाची चिरफाड केली. विमान तीस वर्षे उडते आहे, तेव्हा ते सुरक्षित असणारच, हे आधीच ठरले होते, आणि त्या गृहीताने सगळी तपासणी पोखरली होती. क्लिफर्डचा जहाजमालक सव्वाशे वर्षांनी सरकारी कचेरीत बसलेला होता.

या गृहीतात नेमके काय चुकते, ते आपल्या नैयायिकांनी फार बारकाईने मांडले आहे. जिथे धूर तिथे अग्नी, हे अनुमान टिकते. जिथे अग्नी तिथे धूर, हे टिकत नाही, कारण धुरासाठी सरपण ओले असावे लागते. ही लपलेली अट म्हणजे उपाधी. ज्याने जन्मभर ओलीच लाकडे जळताना पाहिली, त्याच्याजवळ हजार दाखले असतात आणि तरीही त्याचे अनुमान सदोष असते. दाखल्यांची संख्या वाढवून दोष जात नाही. ‘इतकी वर्षे उडाले, म्हणून सुरक्षित’ यातली उपाधी अशी की विमान तेच राहिले पाहिजे आणि कामही तेच. आधुनिकीकरण नेमकी हीच अट मोडते. नवे वजन, नव्या तारा, नव्या नळ्या, नवा प्रदेश आला की जुन्या तासांचा हिशेब दुसऱ्याच विमानाचा ठरतो. जुन्या विमानाच्या बाजूने सर्वांत जास्त ऐकू येणारा युक्तिवाद त्या विमानात बदल करताक्षणी बळ गमावतो, आणि हे खरेदीच्या चर्चेत क्वचितच कोणी बोलून दाखवते.

यावर पहिला आक्षेप तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांच्या बाजूने येईल. १८९६ मध्ये क्लिफर्डना उत्तर देताना त्यांनी बजावले होते की काही निर्णय पूर्ण पुराव्याची वाट पाहू शकत नाहीत. थांबणे हाही निर्णयच असतो आणि त्याचीही किंमत असते. आक्षेप वजनदार आहे, आणि ब्रिटननेच त्याचा दाखला दिला. जुन्या निमरॉडचे सांगाडे घेऊन एमआरए-४ घडवण्याचे काम १९९६ मध्ये सुरू झाले. हातांनी जुळवलेला प्रत्येक सांगाडा किंचित वेगळा निघाला आणि यंत्रावर मोजून केलेले नवे पंख त्यांना बसेनात. एकवीस विमानांची योजना नऊवर आली आणि ऑक्टोबर २०१० मध्ये रद्द झाली. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षे, पी-८ विमाने येईपर्यंत, अण्वस्त्रधारी पाणबुड्या बाळगणाऱ्या या बेटाजवळ पाणबुड्या शोधणारे स्वतःचे एकही विमान नव्हते. स्कॉटलंडजवळ परक्या पाणबुडीचा संशय आला की मित्रदेशांची विमाने बोलवावी लागत. शंका घेत बसण्याचीही किंमत असते, हे मान्यच केले पाहिजे. पण शंकेला मर्यादा कुठे, याचेही उत्तर आपल्याकडे आहे. प्रत्येक अनुमानावर शंका घेणाऱ्या चार्वाकाला उदयनाचार्यांनी सांगितले की जिथे शंका घेणाऱ्याचे स्वतःचे वागणेच त्या शंकेला खोटे पाडते, तिथे ती थांबते. निमरॉडवरची शंका त्या टोकापर्यंत नेण्याची गरजच नव्हती. २००४ मध्ये दुसऱ्या एका निमरॉडमध्ये गरम हवेची नळी उडत्या विमानात फुटली होती. पुरावा मागूनही मिळत नसताना धाडस करतो, तो जेम्स यांचा माणूस. दारात आलेला पुरावा न वाचणारा माणूस त्यांच्या आडोशाला उभा राहू शकत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक अस्वस्थ करतो, कारण तो उदात्त वाटतो: सैनिकाने जोखीम पत्करलेलीच असते. पत्करलेली असते, पण कोणती? शत्रूचे क्षेपणास्त्र, वादळ, रात्रीच्या काळोखात लाटांपासून थोड्याच उंचीवरचे उड्डाण, हे तो जाणून स्वीकारतो. कचेरीत न वाचल्या गेलेल्या कागदातला धोका त्याला ठाऊकच नसतो, आणि ठाऊक नसलेल्याला संमती देता येत नाही. खजिन्याची बचत होते तेव्हा जोखीम नाहीशी होत नाही. ती वैमानिकाच्या आणि हेडफोन लावून बसलेल्या नौसैनिकाच्या वाट्याला जाते. ती त्यांच्या वाट्याला देण्याचा अधिकार राज्याला कधीकधी असेल, पण काय दिले जात आहे हे त्याने आधी शोधलेले असले पाहिजे आणि त्यांना सांगितलेले असले पाहिजे. हॅडन-केव्ह अहवालानंतर ब्रिटनने २०१० मध्ये स्वतंत्र लष्करी विमानसुरक्षा प्राधिकरण उभे केले आणि माणसांच्या जिवाला असलेल्या जोखमीची जबाबदारी नावानिशी ठरावीक अधिकाऱ्यांवर टाकली. धोका पेलण्याजोगा नाही असे वाटले तर उड्डाणे थांबवणे हे त्यांचे कर्तव्य झाले. जुनी विमाने घेणाऱ्या प्रत्येक देशाने, आपणही, किंमत आणि रडारचा पल्ला पाहण्याआधी हे नाव मागितले पाहिजे: सांगाड्यात आजवर झालेला प्रत्येक बदल कोणी तपासला, आणि त्या तपासणीवर कोणाची सही आहे.