न्यायासनावरचा विद्यार्थी

परवा वारणानगरास कीर्तनसेवा झाली. आरती आटोपल्यावर एक वृद्ध माळकरी शेतकरी जवळ येऊन बसले आणि म्हणाले, "महाराज, नातू वकिली शिकतोय. तो सांगतो, न्यायाधीशांनासुद्धा भाईंदरजवळ उत्तनच्या अकादमीत नवा कायदा शिकायला धाडतात. ज्यांचंच शिकणं व्हायचंय, त्यांच्यापुढं आम्ही कुणाच्या भरवशावर उभं राहायचं?"

प्रश्न साधा, पण वर्मावर बोट ठेवणारा. सज्जनहो, खुर्चीवर बसला तो शिकून झाला, असे आपण समजतो. शास्त्र तसे मानीत नाही. तैत्तिरीय उपनिषदात गुरू निरोप देतात तो अध्ययन पुरे झालेल्या शिष्याला, आणि त्यालाच बजावतात की स्वाध्यायात हयगय करू नकोस.

आता व्यवहार पाहा. 1860 सालची दंडसंहिता जाऊन 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. समजा, एखाद्याने पाच हजारांहून कमी किमतीची वस्तू चोरली, पहिल्यानेच दोषी ठरला आणि वस्तू परत केली. जुन्या कायद्यात साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होते. नव्यात अशा माणसाला समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. न्यायाधीश जुन्या पाठांतरावर विसंबला, तर सेवा करून सुधारायचा माणूस तुरुंगात जाईल. बरे, जुने विसरूनही भागत नाही. त्या तारखेपूर्वीचा अपराध जुन्या संहितेनेच तोलायचा असतो.

'कायदा ठाऊक नव्हता' ही आपली सबब न्यायालय ऐकत नाही. मग न्यायाधीशाने ती स्वतःसाठी कशी चालवून घ्यावी?

कुणी म्हणेल, ज्ञानाने का न्याय होतो? पुष्कळ शिकलेलाही भिडेला नि लोभाला बळी पडतो. खरे आहे. सचोटी कुठल्या वर्गात मिळत नाही. पण वैद्य कितीही मायाळू असो, औषध चुकले तर रोग्याच्या जिवाशीच गाठ!

आपले रामशास्त्री प्रभुणे आठवा. लहानपणी विद्या झाली नव्हती. थोर वयात काशीस जाऊन पोरांच्या पंक्तीला बसले, असे सांगतात. नारायणरावांचा 1773 साली खून झाला, तेव्हा राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारे तेच. ते सांगायला छाती लागली. पण काय सांगायचे, हे अध्ययनाने ठरले. नुसत्या छातीने निवाडा होत नसतो.

त्या वृद्धांना मी म्हटले, "माउली, चाळीस वर्षे कीर्तन करतो, तरी उभे राहण्याआधी पोथी उघडून पाहतो. माझे चुकले तर श्रोते हसतील, एवढेच. न्यायाधीशाचे चुकले तर कुणाचे घर बसेल. मग त्याने किती वेळा पोथी उघडावी?"

ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "नातवालाही हे सांगतो. वकील झाला, तरी पुस्तक मिटू नको म्हणून."