जाब कोणाला द्यायचा?

टीका झोंबते ही तक्रार लेखनाइतकीच जुनी आहे. आठव्या शतकात विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूतीने ‘मालतीमाधव’च्या प्रस्तावनेतच आपली अवहेलना करणाऱ्यांना सुनावले. हा खटाटोप तुमच्यासाठी नाहीच. काळाला अंत नाही, पृथ्वी विशाल आहे, माझा समानधर्मा कुठे तरी असेल किंवा पुढे जन्माला येईल, असे त्याचे म्हणणे. यात दुखावलेपण आहे आणि ताठाही आहे. पण त्याने केले ते मोठे धोरणी काम होते. समोरच्या सभेकडून निवाड्याचा हक्क काढून घेऊन तो त्याने काळाच्या हवाली केला.

1290 साली ज्ञानेश्वरांनी नेमके उलटे केले. त्यांनी श्रोत्यांनाच निवाड्यात सामील करून घेतले. कमी पडेल ते तुम्ही पुरे करून घ्या, जास्त होईल ते सोडून द्या, अशी त्यांची विनवणी आहे. अशी विनवणी करता येते, कारण श्रोता समोर बसलेला असतो, सगळे ऐकून घेतो आणि वक्त्याविषयी त्याला आपुलकी असते. ‘टीकेतून शिकावे’ हा उपदेश करताना आपण या तिन्ही गोष्टी गृहीत धरतो. तुकोबांना त्या लाभल्या नाहीत. परंपरा सांगते की त्यांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या. पण अभंग तोवर लोकांच्या तोंडी बसले होते, ते कोण बुडवणार?

छापखाना आला आणि टीकेला मासिक मिळाले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली आणि जोतीराव फुल्यांच्या पुस्तकांवर, विशेषतः त्यांच्या भाषेवर आणि व्याकरणावर, तुटून पडले. फुल्यांनी आपली भाषा चिपळूणकरांच्या पसंतीला उतरवण्याचा खटाटोप केला नाही. 1883 मध्ये त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण केले, तेही आपल्याच रांगड्या मराठीत. दोन वर्षांनी न्यायमूर्ती रानड्यांनी ग्रंथकार सभेचे निमंत्रण धाडले, तेव्हा फुल्यांनी ते पत्र लिहून नाकारले. बहुजनांचे हक्क जे मान्य करत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय होता. इथे विचाराने मोठे वळण घेतले. टीका बरोबर की चूक हा प्रश्न मागे पडला आणि पारखणाऱ्याला तो अधिकार दिला कोणी, हा प्रश्न पुढे आला. भवभूतीचा वाचक भविष्यात होता. फुल्यांचा शेतात राबत होता.

विसाव्या शतकात मराठी टीकेने हसायलाही लावले. 1925 साली आचार्य अत्र्यांनी ‘केशवकुमार’ या नावाने ‘झेंडूची फुले’मधून रविकिरण मंडळातल्या कवींच्या लकबींची यथेच्छ टवाळी केली. घाव बसले असतीलच. पण ज्यांची टर उडवायची त्यांच्या कविता बारकाईने वाचल्याखेरीज विडंबन जमत नाही. टवाळखोराला निदान तेवढी मेहनत पडत होती.

मोबाइलच्या पडद्यावर ती मेहनत संपली. लेख न वाचता, नाटक न पाहता, गाण्याचे पहिले कडवे ऐकून शेरा मारता येतो, तोही टोपणनावाआड राहून. समोर चेहरा नसला की माणसाच्या जिभेचा लगाम सुटतो, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी 2004 मध्येच सविस्तर मांडले होते. त्यात शंभर कौतुकांपेक्षा एक शिवी जास्त वेळ डोक्यात घुमते, हा मनाचा जुनाच स्वभाव. ‘गेंड्याची कातडी कर’ हा सल्ला मात्र कलावंताच्या कामाचा नाही. ज्या हळवेपणातून कविता येते, त्याच हळवेपणाला शेरा लागतो. तो बधिर केला की कविताही बधिर होते.

म्हणून सहनशक्ती वाढवत बसण्यापेक्षा आपला पारखी आधी ठरवावा. काम संपूर्ण पाहिलेली, त्यातले मर्म कळणारी आणि तोंडावर खरे बोलणारी चार-पाच माणसे पुरतात. बाकीच्या गर्दीतल्या शेऱ्याला एकच प्रश्न विचारावा: हा माझ्या कामातल्या एखाद्या ठरावीक जागेवर बोट ठेवतो का? ठेवत असेल, तर भाषा कडू असली तरी घ्यावे. इतिहासातला तपशील चुकला, तिसरा अंक रेंगाळला, असे सांगणारा शत्रूही उपयोगाचा. जात, बाईपण, रूप, खानदान यांवर घसरणाऱ्याला मात्र उत्तर देणे लागत नाही. धमकी आली तर ती टीका उरत नाही, तो गुन्हा असतो; पुरावा जपून पोलिसांकडे जावे.

उरते वाचकाची बाजू. नावडलेले तत्काळ कळवले जाते, आवडलेले मनातच राहते, आणि लिहिणाऱ्याला वाटते सगळे जग विरोधात आहे. तेव्हा एखादी कथा, गाणे, चित्र भावले, तर दोन ओळी लिहा; नेमके काय भावले ते सांगा आणि खाली स्वतःचे नाव घाला. नावडले तरी तसेच करा.