उत्तर आधी माहीत असेल तर

शाळेत गणिताच्या पुस्तकाच्या शेवटी उत्तरं छापलेली असत. आपलं जुळलं नाही की आम्ही पायऱ्या उलट्या चाळायचो आणि कुठे तरी चूक 'सापडायचीच'. एकदा मागचं उत्तरच चुकीचं छापलेलं निघालं. तोवर निम्म्या वर्गाच्या वह्यांत ते रीतसर सिद्ध झालं होतं! ही लबाडी आठवली ती जड बेरिऑनच्या आयुष्यांबद्दल वाचताना.

बेरिऑन म्हणजे तीन क्वार्कचा कण, प्रोटॉन त्यातलाच. तिघांपैकी एक क्वार्क जड, म्हणजे बॉटम किंवा चार्म असला तर कण टिकत नाही. क्षीण बलामुळे जड क्वार्कचा हलका क्वार्क होतो. पहिला अंदाज सोपा: जड क्वार्क एकटाच असल्यासारखा मरतो, बाकीचे दोघे नुसते बघे. मग बॉटमवाल्या लॅम्डा-बीचं आयुष्य बी मेसॉनइतकंच हवं. बघ्यांची लुडबुड धरूनही हे गुणोत्तर ०.९ च्या खाली नेणं अवघड होतं. १९९० च्या दशकात सर्नच्या लेप यंत्रावर ते ०.८ च्या आसपास भरलं.

सिद्धांतवाले मागच्या पानाकडे वळले. दुरुस्त्या वाढल्या, अंदाज थोडा खाली सरकला. यात कुणी खोटं बोललं नाही, जोडलेल्या दुरुस्त्या खऱ्याच होत्या. पण उत्तर आधीच जुळलं असतं तर त्यांच्यामागे इतक्या निकडीनं कुणी लागलं असतं का? मला नाही वाटत. २०१४ मध्ये एलएचसीबी प्रयोगानं गुणोत्तर मोजलं ०.९७४. म्हणजे जवळजवळ जिथून निघालो तिथेच.

इथे सिद्धांतावरच्या निष्ठेसाठी टाळी वाजवायचा मोह होतो. तो ओमेगा-सी मोडतो. यात एक चार्म आणि दोन स्ट्रेंज क्वार्क. चार्म मरताना बहुधा स्ट्रेंज जन्मतो, आणि घरात दोन स्ट्रेंज आधीच बसलेले. सारख्या कणांच्या व्यतिकरणामुळे क्षय वेगानं होतो, म्हणून हा चौघा भावंडांत सर्वांत अल्पायुषी असावा, असं गणित १९८० च्या दशकातच मांडलं गेलं. पुढे प्रयोगांतून सरासरी निघाली ६९ फेम्टोसेकंद (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश). सर्वांत कमीच! दोन्हीकडून एकच उत्तर आल्यावर शंका कोण घेणार? २०१८ मध्ये एलएचसीबीनं हजारेक क्षय तपासून आकडा दिला २६८. जवळपास चौपट. शेवटचा ओमेगा-सी एकदम दुसऱ्या क्रमांकावर गेला.

लॅम्डा-बीच्या वेळी न जुळणं छळत होतं. इथे जुळण्यानं झोपवलं. मला ही दुसरी चूक जास्त गंभीर वाटते, कारण तिच्यात बोट दाखवायलाही कुणी सापडत नाही. जुन्या प्रयोगांकडे मोजकेच क्षय होते, आणि जुनं गणित त्या पायरीपुरतं बरोबरच होतं.

प्रयोगवाल्यांनी यावर एक तोडगा काढला आहे. निकालात एक गुप्त संख्या मिसळून ठेवतात, आणि पद्धत पक्की झाल्यावरच ती वजा करतात. सिद्धांतवाल्याला ही सोय नाही. आकडा छापून आलेला असतो, त्यानं तो वाचलेला असतो. २०१८ नंतर पुढच्या पायरीच्या दुरुस्त्या धरल्या गेल्या, त्या व्यतिकरणाच्या उलट दिशेला ओढतात, आणि नवा क्रम निघू लागला. पण चार्म तितकासा जड नाही, त्यामुळे दुरुस्त्यांची मालिका चटकन आटत नाही. २०२२ मध्ये जपानमधल्या बेल-२ प्रयोगाचा आकडा आला, २४३ फेम्टोसेकंद. म्हणजे या खेपेला मागच्या पानावरची छपाई बरोबर आहे. वहीतल्या पायऱ्यांबद्दल तसं म्हणायला मी अजून तयार नाही.